१३९ धावांचा हिशेब

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमधल्या शिकागो कब्ज संघाच्या लागोपाठच्या दोन हंगामांचे चार आकडे शेजारी शेजारी मांडा. २०१६ मध्ये त्यांनी ८०८ धावा केल्या आणि ५५६ दिल्या. २०१७ मध्ये ८२२ केल्या आणि ६९५ दिल्या. पहिल्या वर्षी १०३ विजय मिळाले आणि तब्बल १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, हाती लागली. दुसऱ्या वर्षी ९२ विजय मिळाले, आणि जुलैच्या मध्यापर्यंत तर जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले जास्त होते. म्हणजे फलंदाजी बिघडली नव्हतीच, उलट १४ धावांनी सुधारली होती. जे काही बिघडलं ते दुसऱ्या अंगाला, आणि ते १३९ धावांचं होतं.

गतविजेता संघ पुढच्या वर्षी अडखळला की एक शब्द हमखास निघतो: हँगओव्हर. पोरांचं पोट भरलं, भूक राहिली नाही, हिवाळाभर सत्कार, जाहिराती आणि टीव्हीचे कार्यक्रम झाले, मग खेळायला मन कुठून लागणार? कब्जच्या बाबतीत तर हे बोलायला साहित्यही भरपूर होतं. १० एप्रिलला घरच्या मैदानावर, रिग्ली फील्डवर, पावसाने सामना लांबवला, मग विजयाचा ध्वज चढला, दोन दिवसांनी १०८ हिऱ्यांचं कडं असलेल्या अंगठ्या वाटल्या गेल्या. व्हाइट हाउसची वारी दोनदा झाली, जानेवारीत एका राष्ट्राध्यक्षांकडे आणि जूनमध्ये दुसऱ्यांकडे. मॅनेजर जो मॅडन यांनाही ही भीती होतीच. त्यांनी वर्षाचं घोषवाक्यच दिलं होतं की सुस्तावू नका, अस्वस्थ राहा.

मला हे मनाचं दुखणं फारसं पटत नाही. मन उडालं असतं तर ते फलंदाजीतही दिसायला हवं होतं. ॲन्थनी रिझोने ३२ होमर (षटकारासारखे मैदानाबाहेर जाणारे फटके) मारले, क्रिस ब्रायंटने २९. मे महिन्यात आलेल्या इयन हॅप या पोराने २४ मारले. सुस्तावलेल्या संघाची ही लक्षणं नव्हेत. म्हणून १३९ धावा कुठून गळल्या, ते एकेक करून बघू.

पहिला वाटा तर कब्जचा नाहीच. २०१७ हे साल सगळ्याच पिचरांना, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांना, महाग पडलं. मेजर लीगमध्ये आदल्या वर्षी ५,६१० होमर झाले होते, या वर्षी ६,१०५ झाले. तोवरचा तो विक्रम होता. सरासरी संघ सामन्यामागे ४.४८ धावा करत होता, तो ४.६५ करू लागला. फरक बारीक दिसतो, पण १६२ सामन्यांनी गुणला की २७-२८ धावा होतात. एवढ्या सगळ्यांच्याच खात्यात वाढल्या. तरीही शंभराहून जास्त उरतात.

त्या उरलेल्यांसाठी पिचरांच्या हातांकडे वळावं लागतं. २०१६ चा कब्ज संघ उभा होता तो पाच स्टार्टर पिचरांवर: जॉन लेस्टर, काइल हेन्ड्रिक्स, जेक ॲरिएटा, जॉन लॅकी आणि जेसन हॅमल. वर्षातल्या १६२ सामन्यांपैकी १५२ ची सुरुवात या पाच जणांनीच केली. बेसबॉल पाहणाऱ्याला हे अद्भुत वाटतं, कारण पाचही खांदे एप्रिल ते सप्टेंबर धड राहणं जवळपास होत नाही. कोपर, खांदा, पाठीचा स्नायू, मांडीची मागची शीर, बोटावरचा फोड, काहीतरी निघतंच. संघाला दरवर्षी सात-आठ, कधी दहा स्टार्टर लागतात. कब्जला त्या वर्षी जेमतेम पाच पुरले, आणि त्यांची सरासरी, म्हणजे नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, तीनच्या आत राहिली.

पण हात वापरला की झिजतो. लेस्टरने नियमित हंगामात २०० हून जास्त इनिंग टाकल्या (सामन्यात नऊ असतात, एकीत प्रत्येक संघाचे तीन बाद) आणि ऑक्टोबरात, म्हणजे बाद फेऱ्यांत, आणखी ३५. हेन्ड्रिक्सच्या १९० वर २५ चढल्या, ॲरिएटाच्या १९७ वर २२. शिवाय ऑक्टोबरची इनिंग मेच्या इनिंगसारखी नसते. मेमध्ये चार धावांची आघाडी असताना पिचर मधले काही चेंडू जरा सैल सोडतो, ऑक्टोबरात प्रत्येक चेंडू जीव ओतून जातो. वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात लेस्टर तर बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचरांच्या जागेतून, धावत आला आणि तीन इनिंग टाकून गेला. तो सामना संपला २ नोव्हेंबरच्या रात्री. फेब्रुवारीच्या मध्यात ॲरिझोनातल्या मेसा इथे पिचर आणि त्यांचे चेंडू झेलणारे कॅचर पुन्हा हजर. ऑक्टोबरच्या आरंभीच घरी गेलेल्या संघांच्या पिचरांना साडेचार महिने विश्रांती मिळाली, यांना साडेतीन. ऊस तोडल्यावर त्याच बुडख्यांवर खोडवा घेतात, तसंच हे: मुळं तीच, पण जमिनीने एकदा दिलेलं असतं, आणि पहिल्याइतका उतारा हवा तर मधली मशागत नीट व्हावी लागते.

मॅडनना हे ठाऊक होतं. वसंत सरावात त्यांनी स्टार्टरांना मुद्दाम उशिरा आणि कमी टाकायला लावलं. पण त्याचाही तोटा होतो. पिचर सरावातच आपली लय पकडतो: पाय कधी उचलायचा, हात कोणत्या उंचीवरून सुटायचा, चेंडू गुडघ्याच्या रेषेत किती वेळा पडतो. सराव कमी म्हणजे एप्रिलचे पहिले सामने हाच सराव. ॲरिएटाचा फास्टबॉल दोन वर्षांपूर्वी ताशी ९५ मैलांच्या आसपास होता, तो ९२ वर आला. हेन्ड्रिक्सचा वेग मुळातच कमी, त्यात जूनमध्ये हाताचा स्नायूबंध सुजून तो काही आठवडे बाहेर गेला. लेस्टर ३३ वर्षांचा, लॅकी ३८ चा.

तीन मैलांनी एवढं काय होतं, असं वाटेल. ९५ मैलांचा चेंडू पिचरच्या हातातून फलंदाजापर्यंत साधारण ०.४ सेकंदात येतो. वेग उतरला की फलंदाजाला सेकंदाचा जेमतेम शंभरावा भाग जास्त मिळतो, पण जो चेंडू आधी हवेत चुकायचा तो आता बॅटीच्या कडेला लागून फाउल, म्हणजे रेषेबाहेर, जातो. फाउल गेला की पिचरला आणखी एक चेंडू टाकावा लागतो. एकेका फलंदाजामागे एखादा चेंडू वाढला तरी सातव्या इनिंगला शंभरी गाठणारा पिचर पाचव्या इनिंगलाच गाठतो. उरलेल्या चार इनिंग बुलपेनवर पडतात. बुलपेनचे हात थकले की ते वॉक देऊ लागतात (चार चुकीच्या चेंडूंवर फलंदाजाला पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला थांबा, फुकट), आणि वॉकवर आलेला माणूस पुढच्या होमरने घरी येतो. स्टार्टरचा हा उणेपणा स्वतःच्या सरासरीत दिसतोच, शिवाय दोन दिवसांनी दुसऱ्याच कुणाच्या नावावरही चढतो.

हे सगळं एकवटून दिसलं ते ९ जुलैला, हंगामाच्या मधल्या ऑल-स्टार सुट्टीच्या आदल्या दिवशी. घरच्या मैदानावर पिट्सबर्गविरुद्ध लेस्टरला पहिली इनिंगसुद्धा पूर्ण करता आली नाही. दोन बाद होईतो त्याच्या नावावर दहा धावा चढल्या होत्या. सामना १४-३ असा गेला. गतविजेते ४३-४५ वर येऊन ठेपले, मिल्वॉकी ब्रुअर्सच्या साडेपाच सामने मागे. त्या सबंध अर्ध्या हंगामात कब्जची पहिलीच इनिंग डोकेदुखी झाली होती. प्रेक्षक खुर्चीत टेकेपर्यंत संघ दोन धावांनी मागे.

पाचव्या जागेची गोष्ट वेगळी. हॅमलने २०१६ मध्ये १५ सामने जिंकून दिले होते, तरी त्याचा करार पुढे न वाढवता त्याला मोकळं केलं. त्याच्या जागी आलेल्या ब्रेट अँडरसनने सहा सामने सुरू केले आणि त्याची सरासरी ८.१८ झाली. मग एडी बटलर, मग माइक मॉन्टगोमेरी. मॉन्टगोमेरीने चांगलं निभावलं, पण बुलपेनमधून त्याला उचलल्यावर तिथे खड्डा पडला.

आता क्षेत्ररक्षण. २०१६ च्या कब्जविरुद्ध मैदानात मारलेल्या चेंडूंपैकी, होमर वगळता, सुमारे साडेपंचवीस टक्केच हिट ठरले, म्हणजे त्यांवर फलंदाज बेसवर पोहोचले. बेसबॉलमध्ये हा आकडा एरवी तिशीच्या आसपास असतो. म्हणजे शंभर चेंडूंमागे चार-पाच झेल किंवा फेकी जादा. त्यात कौशल्य होतं, जागा निवडण्याची तयारी होती आणि नशीबही होतं. हे तिन्ही घटक लागोपाठ दोन वर्षं शिखरावर राहत नाहीत. सेंटर फील्डला खेळणाऱ्या डेक्स्टर फाउलरला त्या वर्षी काही पावलं मागे उभं केलं होतं, आणि तेवढ्याने त्याचं क्षेत्ररक्षण सुधारलं होतं. २०१७ ला फाउलर सेंट लुइसला गेला, पाच वर्षांच्या ८.२५ कोटी डॉलरच्या करारावर. एवढे पैसे कब्ज देणार नव्हते, आणि ते चुकलेही नाहीत. पण फाउलर फक्त क्षेत्ररक्षक नव्हता. तो पहिला फलंदाज होता आणि दर दहा वेळांपैकी जवळपास चार वेळा बेसवर पोहोचायचा. मॅडन त्याला म्हणायचे की तू चाललास की आम्ही चालतो.

त्याच्या जागी पहिला फलंदाज म्हणून पाठवलं काइल श्वार्बरला. कल्पना वाईट नव्हती: पोरगा वॉक काढतो, लांब मारतो. पण २०१६ च्या एप्रिलमध्येच गुडघ्याचे दोन अस्थिबंध तुटून तो वर्षभर घरी बसला होता, आणि थेट वर्ल्ड सिरीजमध्ये येऊन .४१२ ने (हजार संधींमागे ४१२ हिट या दराने) खेळला होता. त्या पाच सामन्यांनी सगळ्यांचेच डोळे दिपले. २२ जूनला त्याची सरासरी .१७१ होती आणि त्याला खालच्या स्तरावर, आयोवाला पाठवलं. परतल्यावर त्याने मारायला सुरुवात केली आणि वर्षाअखेर ३० होमर जमवले. पण मधल्या काळात पहिल्या जागेवर रिझोपासून कोण कोण येऊन गेलं. समोर माणसंच बेसवर नसल्यामुळे २९ होमर मारूनही ब्रायंटच्या फलंदाजीवर संघाला फक्त ७३ धावा मिळाल्या.

चोरलेल्या बेसचा (पिचर चेंडू टाकत असतानाच पुढच्या बेसवर पळण्याचा) हिशेब धावांत मोठा नाही, पण त्या वर्षाचा स्वभाव मला त्यातच जास्त दिसतो. २७ जूनला वॉशिंग्टनमध्ये नॅशनल्सनी कब्जविरुद्ध सात बेस चोरले, त्यातले चार एकट्या ट्रे टर्नरने. पिचर ॲरिएटा, कॅचर मिगेल मोंतेरो. पहिल्या ते दुसऱ्या बेसचं अंतर ९० फूट. धावणारा दहा-बारा फूट आधीच पुढे सरकलेला असतो, आणि वेगवान माणूस उरलेलं अंतर ३.३ सेकंदांत कापतो. पिचरने हालचाल सुरू केल्यापासून चेंडू कॅचरच्या हातमोज्यात पडेपर्यंत १.३ सेकंद लागले तर ठीक. कॅचरने उठून १२७ फूट फेकायला २ सेकंद घेतले तर तेही उत्तम. बेरीज ३.३, म्हणजे बरोबरी. पण पिचर पाय उंच उचलून १.५ सेकंद घेत असेल, तर कॅचरच्या हातात तोफ असली तरी उपयोग नाही. ॲरिएटा संथच होता. आणि मोंतेरोच्या हातातही आता तोफ राहिलेली नव्हती: त्या मोसमात त्याच्यासमोर ३१ जणांनी चोरीचा प्रयत्न केला आणि एकही बाद झाला नाही.

सामना संपल्यावर मोंतेरोने पत्रकारांना सांगितलं की दोष ॲरिएटाचा आहे, तो मला वेळच देत नाही. गणित बघता निम्मं खरं होतं. पण ते बाहेर बोलायचं नसतं. रिझोने दुसऱ्या दिवशी रेडिओवर त्याला सुनावलं आणि त्याच दिवशी कब्जने त्याला संघाबाहेर काढलं. सातव्या सामन्याच्या दहाव्या इनिंगला कब्जची आठवी धाव आणणारी हिट मोंतेरोचीच होती, आणि तो सामना ८-७ असा सुटला होता. तो आठ महिन्यांपूर्वीचा नायक. व्यवस्थापनाचं वागणं निर्दय वाटेल, पण मला ते बरोबर वाटतं. लेस्टरचा खास कॅचर डेव्हिड रॉस निवृत्त झालेला, विल्सन कॉन्त्रेरास २५ वर्षांचा. अशा वेळी दुसरा कॅचर पिचरांचा विश्वास गमावून बसला तर उरलेला संघ कोणावर टेकणार?

१३ जुलैला, सुट्टीतच, कब्जच्या बेसबॉल विभागाचे प्रमुख थिओ एप्स्टीन यांनी खरा इलाज केला. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या व्हाइट सॉक्सकडून होसे किंताना हा डावखुरा पिचर आणला. दोन्ही शिकागो संघांमध्ये अकरा वर्षांत असा सौदा झाला नव्हता. बदल्यात एलॉय हिमेनेस आणि डिलन सीस हे सगळ्यात चांगले दोन तरुण दिले, शिवाय आणखी दोन. किंतानाचा करार २०२० पर्यंत स्वस्तात वाढवता येणारा होता, म्हणून किंमत एवढी चढली. १६ जुलैला बाल्टिमोरमध्ये पहिल्याच सामन्यात त्याने सात इनिंगमध्ये १२ बाद केले, एकही वॉक दिला नाही. सुट्टीनंतरचे पहिले सहा सामने कब्जने सलग जिंकले आणि उरलेल्या हंगामाचा हिशेब ४९-२५ असा लागला. महिनाअखेर डेट्रॉइटहून जस्टिन विल्सन आणि कॅचर ॲलेक्स अविला आले. त्यासाठी हेमेर कांदेलारियो आणि इसाक परेदेस गेले. विल्सनचा सौदा मात्र फसला. त्याने कब्जसाठी १८ इनिंगही पुऱ्या टाकल्या नाहीत आणि १९ वॉक दिले. (कांदेलारियो २०२३ ला आणि परेदेस २०२४ ला पुन्हा कब्जमध्येच आले, हा बेसबॉलचा नेहमीचा खट्याळपणा.)

सप्टेंबरात ब्रुअर्सनी रिग्लीवर येऊन तिन्ही सामने जिंकले तेव्हा पुन्हा धाकधूक झाली. दोन आठवड्यांनी मिल्वॉकीत कब्जने चारांपैकी तीन घेतले, त्यातले पहिले दोन दहाव्या इनिंगमध्ये. २७ सप्टेंबरला गट जिंकला तो सेंट लुइसच्या मैदानावर, फाउलरच्या नव्या घरी.

ऑक्टोबरात नॅशनल्सविरुद्धची मालिका पाचव्या सामन्यापर्यंत गेली, आणि त्या सामन्याची पाचवी इनिंग मी अजूनही कुणाला समजावून सांगू शकेन की नाही, शंका आहे. वॉशिंग्टन ४-३ ने पुढे. मॅक्स शेर्झर बुलपेनमधून आला आणि पहिले दोघे बाद केले. मग दोन सिंगल (एका बेसचे फटके), आणि ॲडिसन रसेलच्या डबलवर (दोन बेसच्या फटक्यावर) दोन धावा. पुढच्याला मुद्दाम वॉक. हावियर बाएस तिसऱ्या स्ट्राइकवर हुकला, म्हणजे इनिंग संपायला हवी. पण चेंडू कॅचर मॅट वीटर्सच्या पायांतून मागे गेला. दोन बाद असताना असा चेंडू निसटला तर फलंदाज पहिल्या बेसकडे पळू शकतो. वीटर्सने घाईत फेकलेला चेंडू राइट फील्डात गेला आणि धाव आली. बाएसची बॅट परतीच्या झोतात वीटर्सच्या मुखवट्याला लागली होती आणि नियमाने चेंडू तिथेच मृत व्हायला हवा होता, पण पंचांनी तसं मानलं नाही. पुढच्या फलंदाजाची बॅट कॅचरच्याच हातमोज्याला लागली, त्यालाही फुकट बेस. त्याच्या पुढच्याला चेंडू अंगावर बसला, आणखी एक धाव. ७-४.

तो सामना ९-८ असा जिंकायला मॅडननी वेड डेव्हिसला शेवटचे सात बाद घ्यायला लावलं. डेव्हिस क्लोजर, म्हणजे आघाडी राखून सामना संपवणारा पिचर, त्याचं काम तीन बाद, पंधरा-वीस चेंडू. त्या रात्री त्याने ४४ टाकले. त्याने नियमित हंगामात ३३ पैकी ३२ सामने वाचवले होते आणि त्याच्याशिवाय मॅडनना कुणावरच भरवसा उरला नव्हता. सामना साडेचार तासांहून लांबला, लॉस एंजेलिसकडे निघालेलं विमान वैद्यकीय कारणासाठी अल्बुकर्कीला उतरवावं लागलं, आणि शनिवारी तिथल्या डॉजर्सविरुद्ध पुढच्या फेरीचा पहिला सामना.

रविवारी दुसरा. १-१ अशी बरोबरी, नववी इनिंग, दोन बाद. डेव्हिसचा हात मॅडननी आघाडी मिळाली तर वापरायला राखून ठेवला होता. म्हणून आला ३८ वर्षांचा लॅकी, जो आयुष्यभर स्टार्टर होता आणि आदल्या दिवशीही टाकून गेला होता. त्याने एक वॉक दिला आणि मग डॉजर्सच्या जस्टिन टर्नरने तीन धावांचा होमर मारला. मॅडनना यावरून खूप बोललं गेलं. मलाही डेव्हिस दिसायला हवा होता असं वाटतं. पण तीन दिवसांपूर्वीचे ४४ चेंडू कुठे लपवणार होते? चौथा सामना कब्जने ३-२ जिंकला तो डेव्हिसच्या ४८ चेंडूंच्या जोरावर, आणि पाचव्यात एनरिके हर्नांदेसने तीन होमर मारून ११-१ असा निकाल लावला. सगळ्या मालिकेत कब्जच्या आठ धावा झाल्या, आठही होमरवर.

पिचिंग प्रशिक्षक क्रिस बोसिओ यांना लगेच नारळ मिळाला, फलंदाजीचे जॉन मॅली यांनाही. ॲरिएटा फिलाडेल्फियाला गेला, डेव्हिस कोलोराडोला, लॅकी पुन्हा मेजर लीगमध्ये खेळला नाही. लागोपाठ दोन वर्ल्ड सिरीज हा प्रकार २००० च्या यँकीजनंतर २०२५ च्या डॉजर्सनाच जमला, आणि त्यांनी तो नियमित हंगामात ९३च सामने जिंकून जमवला. त्यांचे काही मोठे हात उन्हाळ्यात दुखापतीने का होईना थांबले होते आणि ऑक्टोबरात ताजे होते. २०१७ च्या कब्जला गट सोडवण्यासाठी जुलैपासूनच हात पिळावे लागले.

२०१८ ला कब्जने दिलेल्या धावा ६९५ वरून ६४५ वर आणल्या. पन्नास वाचवल्या. त्याच वर्षी केलेल्या धावा ८२२ वरून ७६१ वर आल्या. ९५ सामने जिंकूनही ब्रुअर्सशी बरोबरी झाली, १ ऑक्टोबरचा निर्णायक सामना ३-१ ने गेला, आणि दुसऱ्या दिवशी कोलोराडोविरुद्ध तेरा इनिंग खेळून २-१ ने हंगाम संपला.